पंचक्रोशी ते ब्रह्मांड: नव्या डीएमने लेव्हलचे टप्पे कसे पाडावेत

मध्यंतरी मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळासाठी एका खुनाची गोष्ट रचली होती. त्यात गोष्ट चालवणाऱ्याला डीएम, म्हणजे डन्जन मास्टर म्हणतात, आणि तो मी होतो. गावातला सावकार बंद खोलीत मरून पडलेला, तीन संशयित, प्रत्येकाकडे अर्धं खरं आणि अर्धं खोटं. दोन रात्री जागून पुरावे लिहिले होते. टेबलावर चार खेळाडू, सगळे आदल्याच रविवारी लेव्हल पाचला (ताकदीच्या वीस पायऱ्यांपैकी पाचवी) पोचलेले. सेशन, म्हणजे खेळाची बैठक, सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तर क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारं पात्र) खेळणारी माझी मावसबहीण म्हणाली, "दादा, मुडदा अजून तिथेच आहे ना? मग त्यालाच विचारते की."

‘स्पीक विथ डेड’ नावाचा स्पेल, म्हणजे मंत्र. मुडद्याला पाच प्रश्न विचारता येतात. तिचा पहिलाच प्रश्न होता, "तुला कुणी मारलं?" मी थोडा वेळ कागदात डोकं घातलं आणि मग सावकाराने मुकाट्याने नाव सांगितलं. आणलेला चहासुद्धा अजून निवला नव्हता.

स्पेलचा यात काही दोष नाही आणि बहिणीचा तर नाहीच. लेव्हल चारपर्यंत चालली असती अशी गोष्ट मी लेव्हल पाचच्या लोकांपुढे ठेवली होती. दोन आकड्यांमध्ये एकाचाच फरक, पण मधून एक रेघ जाते आणि ती मला दिसली नव्हती. त्या रेघांमधल्या टप्प्यांना टियर म्हणतात. नव्याने डीएम होणाऱ्याने त्या कशा वापरायच्या, ते इथे क्रमाने सांगतो. आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत बरंच काही बदललं, पण रेघा तिथेच राहिल्या. पुस्तकं महाग वाटत असतील तर मूळ नियमांचा मोठा भाग एसआरडी या नावाने फुकट आणि अधिकृतपणे मिळतो. सुरुवातीला तेवढा पुरतो.

पायरी पहिली: चार खाने पाडा

कागदावर १ ते २० आकडे एका ओळीत लिहा. ४ नंतर एक रेघ, १० नंतर दुसरी, १६ नंतर तिसरी. झाले चार टियर: १ ते ४, ५ ते १०, ११ ते १६ आणि १७ ते २०. पुस्तकात त्यांना स्थानिक वीर, राज्याचे वीर अशा अर्थाची नावं आहेत. माझ्या वहीत मी त्यांना पंचक्रोशी, मुलूख, दौलत आणि ब्रह्मांड म्हणतो, कारण गोष्ट कुठवर पसरणार ते नावातच कळतं. पंचक्रोशीत विहिरीतला राक्षस आणि हरवलेली गुरं. मुलखात घाटवाटा अडवून बसलेला सरदार. दौलतीत राज्यं बुडतात आणि उभी राहतात. ब्रह्मांडात देव भांडतात आणि मध्ये तुमची पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, सापडते.

या रेघा तिथेच का? पाचव्या लेव्हलला फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि मंक हे लढवय्ये वर्ग एका वारात थांबत नाहीत, त्यांना दुसरा वार मिळतो. त्याच लेव्हलला विझर्ड, क्लेरिक, ड्रुइड या जादूवाल्या वर्गांना तिसऱ्या पातळीचे स्पेल मिळतात (स्पेलची पातळी वेगळी, खेळाडूची लेव्हल वेगळी), आणि त्यात विझर्डचा ‘फायरबॉल’, म्हणजे आगीचा लोळ आला. अकराव्याला फायटरला तिसरा वार आणि स्पेलवाल्यांना सहावी पातळी. सतराव्याला नववी पातळी, म्हणजे मागितलेलं घडवणारा ‘विश’. कँट्रिपचा, म्हणजे फुकटच्या छोट्या स्पेलचा मारही नेमका ५, ११ आणि १७ लाच वाढतो. लक्षात ठेवायची खूण म्हणून हे तीन आकडे पुरेसे आहेत.

इथे नवे लोक एका गोष्टीत हमखास गोंधळतात. प्रोफिशियन्सी बोनस (सराव असलेल्या कामात फाशात मिळवायचा आकडा) ५, ९, १३ आणि १७ ला वाढतो. ती वेगळी शिडी आहे, टियरशी तिची सांगड घालत बसू नका.

रेघेचा धक्का किती मोठा, हे चकमकीच्या तक्त्यात उघड दिसतं. मध्यम चकमकीसाठी एका खेळाडूमागे लेव्हल ३ ला १५० एक्सपी (शत्रू हरवून मिळणारे अनुभवाचे गुण) इतके शत्रू, ४ ला २५० आणि ५ ला थेट ५००. पुढे ६ ला मात्र ६००. म्हणजे चारावरून पाचावर जाताना बजेट दुप्पट होतं आणि पाचावरून सहावर जाताना शंभराचीच भर पडते. वीस पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काहींवर चढताना गुडघा वर घ्यावा लागतो.

पायरी दुसरी: मेलेल्या अडचणींची यादी करा

माझ्या मते टियरचा खरा उपयोग इथे आहे. बाकीच्या पायऱ्या वगळल्या तरी चालेल, ही वगळू नका. टियर बदलला की खेळाडू जास्त जोरात मारतात, ते आलंच. पण त्याबरोबर काही अडचणी अडचणीच राहत नाहीत. ज्या गोष्टीवर तुम्ही पूर्ण सेशन उभं केलंय, ती एका स्पेलने मिटते. म्हणून प्रत्येक रेघेशी थांबून लिहायचं: इथून पुढे काय काय मेलं?

पाचव्या लेव्हलला बळींची संख्या सगळ्यांत जास्त असते. ‘फ्लाय’ आला की दहा मिनिटांसाठी कडा, दरी आणि तुटलेला पूल संपले. ‘वॉटर ब्रीदिंग’ने बुडालेलं देऊळ हा प्रश्न संपला. ‘टंग्ज’ने अनोळखी भाषा संपली. ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ आला की वाळवंटात अन्नपाण्याचा हिशेब ठेवणं कंटाळवाणं होऊन बसतं. ‘टायनी हट’ हा घुमट आठ तास टिकतो, त्यामुळे रात्री तंबूवर पडणारा छापा, म्हणजे प्रत्येक नव्या डीएमचं लाडकं हत्यार, म्यान करावं लागतं. मुडद्याचं मौन गेलं, ते मी भोगलंय. आणि ‘रिव्हिव्हिफाय’मुळे मरणसुद्धा थोडं सैल झालं: मरून एक मिनिट व्हायच्या आत ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची घातला की माणूस उठून बसतो.

नवव्या लेव्हलला, टियर न बदलताच, आणखी एक छोटा भूकंप होतो. ‘रेझ डेड’ने दहा दिवसांपूर्वीचा मेलेला परत येतो. ‘स्क्राइंग’ने दूरच्या माणसावर नजर ठेवता येते. म्हणजे पळून गेलेला खलनायक कुठे लपलाय हे शोधण्यावर तीन सेशन काढायचा विचार असेल, तर तो आठव्या लेव्हलपर्यंत उरका.

तेराव्याला अंतर मरतं. ‘टेलिपोर्ट’ असला की राजधानी आणि सरहद्द यांच्यात मुक्काम उरत नाही. प्रवासातल्या चकमकी, वाटेतला धर्मशाळेचा मालक, घाटातले लुटारू, सगळे कपाटात. हां, ओळख नसलेल्या जागी गेलात तर भलतीकडेच उतरायची शक्यता असते, आणि डीएमने ती मनापासून जपावी. सतराव्याला ‘विश’ आणि ‘गेट’ आल्यावर काय मेलं याची यादी करण्यापेक्षा काय जिवंत आहे याची यादी छोटी होते: माणसांची नाती, दिलेला शब्द आणि घड्याळ.

ही यादी पुस्तकावरून करू नका, टेबलावरच्या कॅरॅक्टर शीटवरून करा. पार्टीत एक फायटर, दोन रोग (इंग्रजी ‘rogue’, चोरटा वर्ग) आणि एक बार्बेरियन असेल, तर आठव्या लेव्हललाही दरी ही दरीच आहे. उलट लेव्हल एकचा ड्रुइड ‘गुडबेरी’ घेऊन आला तर भूक पहिल्याच दिवशी मेली. दर लेव्हलनंतर खेळाडूंना नवे स्पेल कोणते घेतले ते विचारायचं आणि यादीत दोन ओळी खोडायच्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मग मेलेल्या अडचणीचं काय करायचं? स्पेलवर बंदी घालायचा मोह होतो. घालू नका. खेळाडूने तो स्पेल मिळावा म्हणून महिनोन् महिने वाट पाहिलेली असते. अडचण एक पाऊल पुढे सरकवा. माझ्या सावकाराच्या गोष्टीत खुनी शहाणा असता तर त्याने पाठीमागून वार केला असता. मुडदा आपल्याला ठाऊक होतं तेवढंच सांगतो, आणि ज्याने मारणाऱ्याला पाहिलंच नाही तो नाव कसं सांगणार? किंवा जबडाच गायब असता, कारण बोलायला तोंड लागतं. किंवा त्याहून बरं म्हणजे, नाव पहिल्याच प्रश्नात कळू द्यायचं आणि गोष्ट तिथून सुरू करायची: खुनी राजाचा जावई आहे, साक्षीदार एक मुडदा, आता दरबारात सिद्ध करून दाखवा. ‘कोणी’चा प्रश्न पंचक्रोशीतला. मुलखात आल्यावर ‘मग आता काय करणार?’ विचारायचं.

पायरी तिसरी: कुठे सुरू, कुठे संपवायचं ते आधी ठरवा

नवे खेळाडू असतील तर लेव्हल १. यावर वाद नको. प्रत्येकाच्या कागदावर मोजकीच कौशल्यं असतात आणि फासे कोणते टाकायचे हेच शिकायला दोन रविवार जातात. पण तिथे रेंगाळूही नका. पहिल्या सेशननंतर लेव्हल २, पुढच्या सेशननंतर ३, त्यानंतर दोन सेशनांनी ४, आणि पुढे दर लेव्हलला दोन-तीन सेशन असा वेग डीएमच्या पुस्तकातच सुचवलाय आणि तो चांगला आहे. एक्सपी मोजणारे असाल तर लेव्हल २ ला ३००, ३ ला ९००, ४ ला २,७०० आणि ५ ला ६,५०० लागतात. मी एक्सपी मोजणं कधीच सोडलंय. गोष्टीतला मोठा तुकडा संपला की लेव्हल देतो, म्हणजे कोणी एक्सपीसाठी गरीब गॉब्लिनांच्या मागे लागत नाही.

खेळून सरावलेली मंडळी असतील तर लेव्हल ५ वर थेट सुरुवात करायला हरकत नाही. मला विचाराल तर ५ ते १० हा सगळ्यांत रसाळ पट्टा आहे. खेळाडूंकडे खूप काही असतं, पण सगळंच नसतं. सहा लेव्हल मिळतात, खलनायकाला मोठं व्हायला वेळ मिळतो, आणि डीएमला झोपही मिळते.

शेवट मात्र आत्ताच लिहून ठेवा. ‘बघू, जाऊ विसापर्यंत’ म्हणून सुरू झालेले आमचे दोन कॅम्पेन (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टी) परीक्षा, नोकऱ्या आणि एका लग्नाच्या मोसमात विरून गेले. ‘लेव्हल १० ला संपणार’ असं ठरवून सुरू केलेलं पूर्ण झालं. दर आठवड्याला खेळलं, तर वरच्या वेगाने दहापर्यंत यायला चार-पाच महिने लागतात, आणि दर आठवड्याला खेळणारी पार्टी मी अजून पाहिलेली नाही.

पायरी चौथी: शत्रू टियरला मापून घ्या

एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, घ्या. चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड त्याचा आकडा) २, एचपी (जिवाचे गुण) ५९, आर्मर क्लास (वार बसायला गाठावा लागणारा आकडा) ११, हातात सोटा. सोट्याचा मार दोन आठपैलू फासे अधिक ४, सरासरी १३.

त्याला लेव्हल १ च्या चौघांपुढे उभा करा. विझर्डचे एचपी समजा ८. एक सोटा बसला की तो बहुधा आडवा. मार १६ किंवा त्याहून जास्त आला, तर उरलेलं नुकसानच त्याच्या पूर्ण एचपीइतकं होतं, आणि नियमाप्रमाणे तो जागीच मरतो, मरणाशी झुंजायचे फासेही मिळत नाहीत. ओगरचे ४५० एक्सपी, आणि लेव्हल १ च्या चौघांसाठी ‘जीवघेणी’ चकमक ४०० पासून सुरू. म्हणजे हा एकटा ओगर कागदावरही जीवघेणा आहे.

तोच ओगर लेव्हल ५ च्या चौघांपुढे. त्यांची ‘सोपी’ चकमकच १,००० एक्सपीची, ओगर त्याच्या निम्म्यातही बसत नाही. फायटर दोन वारांत, दोन्ही बसले तर, सतराच्या आसपास नुकसान करतो. विझर्डचा ‘फायरबॉल’ आठ सहापैलू फाशांचा, सरासरी २८. ओगर दुसऱ्या फेरीपर्यंत टिकला तर नशीब. आणि ओगरच्या जोडीला दाटीवाटीने उभे केलेले सात एचपीचे गॉब्लिन? त्यांनी सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जिंकून निम्माच मार घेतला तरी सरासरी १४ बसतात. सगळे खाक.

यातून कामाचा नियम असा निघतो: रेघ ओलांडल्यावर एकच मोठा राक्षस ठेवू नका, आणि किरकोळांचा घोळका एका जागी कोंबू नका. वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे करा. लाल ड्रॅगन आणायचाच असेल तर तरुण ड्रॅगनचं रेटिंग १०, प्रौढाचं १७ आणि पुरातनाचं २४. एकाच जातीचा शत्रू टियर-टियरने कसा मोठा होतो, त्याचं हे सगळ्यांत सोपं उदाहरण. पंचक्रोशीत त्याची फक्त सावली गावावरून जाऊ द्या.

पायरी पाचवी: खजिना

हे पटकन होतं, कारण पुस्तकाने काम केलेलंच आहे. मोठ्या खजिन्यांचे तक्ते याच रेघांवर कापलेत: रेटिंग ० ते ४, ५ ते १०, ११ ते १६ आणि १७ च्या पुढे. तेच वापरा. वरच्या लेव्हलला नवं कॅरॅक्टर सुरू केलं तर ५ ते १० साठी ५०० सोन्याची नाणी अधिक दहापैलू फासा गुणिले २५, आणि ११ ते १६ साठी ५,००० अधिक दहापैलू फासा गुणिले २५०, असा हिशेब २०१४ च्या पुस्तकात आहे. एवढंच सांभाळा की मुलखात आल्यावर पैशाला काहीतरी खर्च पाहिजे. वाडा, गढी, बोट, पदरी माणसं. नाहीतर नाणी कागदावर साठत राहतात आणि कोणी मोजतही नाही.

पायरी सहावी: रेघ ओलांडल्याचं टेबलावर दिसू द्या

खेळाडूंना लेव्हल पाच आली हे कागदावर कळतं. जगालाही कळलं पाहिजे. ज्या खानावळीत पूर्वी त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळायचं, तिथे मालक आता स्वतः पाणी घेऊन येतो. पाटलाऐवजी किल्लेदाराचा निरोप येतो. आणि माझी आवडती युक्ती: लेव्हल १ ला ज्या ओगरपुढून पार्टी धूम पळाली होती, तोच ओगर, तोच तुटका सुळा, लेव्हल ५ ला परत आणा. चकमक दोन मिनिटांची होते, पण टेबलावर जो आरडाओरडा होतो तो कुठल्याही ड्रॅगनच्या वेळी होत नाही. आमच्या फायटरने त्याला मारलंच नाही. सोटा खाली ठेवायला लावला आणि गावची वेस राखायला नेमला. पुढे तो कॅम्पेनभर वेशीवर उभा होता.

दुसऱ्या बाजूने, रेघ जवळ आली की जुन्या टियरची राहिलेली मजा उरकून घ्या. दोरखंड बांधून दरी पार करायचा थरार द्यायचा असेल तर तो लेव्हल ४ लाच. नंतर दोरखंडाकडे कोणी बघतही नाही.

दुसरा खेळ खेळत असाल तर

रेघा प्रत्येक खेळात वेगळ्या. १९८० च्या दशकातल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पेट्यांमध्ये बेसिक १ ते ३, एक्स्पर्ट ४ ते १४, कंपॅनियन १५ ते २५ आणि मास्टर २६ ते ३६ अशी वाटणी होती, एकेका पेटीत एकेक टप्पा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तीसच लेव्हल आणि दहा-दहाचे सरळ तीन टियर: हिरोइक, पॅरागॉन, एपिक. थर्टींथ एजमध्ये एकूण दहाच लेव्हल, १ ते ४, ५ ते ७ आणि ८ ते १० अशा कापलेल्या. डॅगरहार्टमध्ये पहिली लेव्हल हाच पहिला टियर, मग २ ते ४, ५ ते ७ आणि ८ ते १०. तुमच्या खेळात टियरच नसतील तर नियमपुस्तक उघडून एकच प्रश्न विचारा: कोणत्या लेव्हलला एकाच वेळी सगळ्यांना काहीतरी मोठं मिळतं? तिथे पेन्सिलीने रेघ मारा. पेनाने नको, दोन-चार सेशननंतर ती बहुधा एखाद्या आकड्याने सरकते.

मधूनच नवा खेळाडू आला तर

हे बहुतेक टेबलांवर घडतंच. कोणाचा तरी रूममेट येतो, कोणाची तरी बहीण सुट्टीला येते. त्याला लेव्हल १ ला सुरू करायला लावणं दिसायला न्याय्य दिसतं, पण पार्टी सहाव्या लेव्हलला असेल तर तो रविवारभर मागे लपून बसेल. एका टियरच्या आत एक-दोन लेव्हलचा फरक खपतो; सहा आणि सात एकत्र मजेत खेळतात. रेघेच्या अलीकडे-पलीकडे मात्र एकाचाही फरक टोचतो. चारच्या फायटरशेजारी पाचचा फायटर उभा असला की पहिल्याचा एक वार आणि दुसऱ्याचे दोन, आणि हे प्रत्येक फेरीत सगळ्यांना दिसतं. म्हणून नव्या माणसाला पार्टीच्याच टियरमध्ये, सगळ्यांत खालच्या खेळाडूच्या लेव्हलवर घ्या. स्पेलवाला वर्ग देऊ नका, पहिल्या दिवशी वीस स्पेल वाचून त्याचा जीव जाईल. बार्बेरियन द्या, दोन वार समजावून सांगा, आणि पहिली चकमक त्याच्या हातून सुरू करा.